हिरव्या स्टिकरचा व्हेप

मी सिगारेट ओढते. मराठी बाई हे वाक्य बोलली की पुढे लगेच खुलासा यावा लागतो. कामाचा ताण, परदेशातलं एकटेपण, असलं काहीतरी. माझ्याकडे खुलासा नाही. तेविसाव्या वर्षी मला ती आवडली आणि एक्कावन्नाव्या वर्षीही आवडते. आमच्या कुवेतच्या मराठी मंडळातली एक बाई संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला तिळगूळ देताना श्वास रोखून धरते. मी मुद्दाम जरा जवळ वाकते.

एवढं सांगितलं की माणसं उपदेशाला सुरुवात करतात. म्हणून आधीच सांगते, मी अडाणी नाही. गेली बावीस वर्षं मी इथल्या एका हॉस्पिटलात यंत्रं तपासते. सलाइनचे पंप, ऑक्सिजनची मशीन्स, ब्लडप्रेशरचे मॉनिटर. बॅटरी किती वेळ टिकते, वीज कुठे गळते का, अलार्म वेळेवर वाजतो का, हे बघायचं, तक्ता भरायचा आणि स्टिकर लावायचा. पास झालं तर हिरवा, दुरुस्तीला काढलं तर पिवळा, वापरायचंच नसेल तर लाल. प्रत्येक स्टिकरवर पुढच्या तपासणीची तारीख आणि माझी सही. माझ्या हिरव्या स्टिकरवर विसंबून नर्सेस पेशंटच्या हाताला सुई लावतात, त्याचा मला माज आहे.

हे स्टिकर घरीही येतात. मिरकाबमधल्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये गीझरला, मिक्सरला, इस्त्रीला, सगळ्यांना हिरवा स्टिकर आहे. सुरुवात गमतीत झाली, मग नियमच झाला. माझा नवरा अर्दियातल्या एका गोदामात इलेक्ट्रिकल फोरमन आहे, स्वतः वायरी जोडून आयुष्य काढलेला माणूस. पण घरात नवीन वस्तू आली की माझा स्टिकर लागेपर्यंत तो तिचा प्लगसुद्धा लावत नाही. "तुझा कागद चिकटल्याशिवाय माझा भरवसा नाय," असं चिपळूणकडच्या हेलात म्हणतो. मला ते आवडायचं.

तोही ओढायचा, माझ्यापेक्षा दुप्पट. नऊ वर्षांपूर्वी गोदामाच्या दारातच त्याच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट पडले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे एकही नाही. त्याने सोडली. कशी सोडली ते मी बघितलं आहे. बडीशेप चावून चावून त्याचे दात दुखायला लागले होते. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट भिंतीवर मारलं आणि नंतर स्वतःच भिंत पुसत रडला. मी मात्र सोडली नाही. "त्याच्यासाठी तरी सोड," असं मला पन्नास जणांनी ऐकवलं. मी म्हटलं, त्याचं हृदय त्याचं, माझी फुप्फुसं माझी. पण एक करार केला आणि तो नऊ वर्षं पाळला. ओढायची ती गॅलरीत, काचेचं दार लावून, आणि आत येताना हात-तोंड धुऊन. घराच्या आत काहीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात गॅलरीने माझा अंत बघितला. दुपारी कठडा हाताला चटका द्यायचा आणि मी तिथे घाम पुसत सिगारेट ओढायची. वर खोकलाही सुरू झाला होता. माझ्याच डिपार्टमेंटमधल्या एकाने व्हेपचं, म्हणजे निकोटिनच्या रसाची वाफ करणाऱ्या ई-सिगारेटचं, सुचवलं, आधीपासून ओढणाऱ्यांसाठी बरा पडतो म्हणे. आमचे छातीचे डॉक्टर म्हणाले, तेही विष. दुकानातला पोरगेला मल्याळी म्हणाला, "मदाम, कुछ नहीं होता." तिघांपैकी एकानेही माझ्यासमोर काही मोजलं नव्हतं. मी ठरवलं, मी मोजणार.

दुकानातल्या त्या पोराने आधी विचारलं, "साहब के लिए?" मी म्हटलं, "साहब मैं ही हूँ." त्याने मुकाट्याने ट्रे पुढे केला. मी घेतला तो एकदाच वापरून टाकायचा, पण चार्ज करता येणारा. म्हणजे आतला रस संपेपर्यंत बॅटरी भरत राहायची आणि रस संपला की सगळंच कचऱ्यात. एवढी चांगली बॅटरी कचऱ्यात, याचाच मला पहिल्यांदा राग आला. बाजूला छोटा पडदा होता, त्यावर बॅटरीचा आकडा आणि रसाचा आकडा. चव आंब्याची.

घरी येऊन मी तक्ता आखला. शुक्रवार-शनिवार सुट्टी होती, मी दिवसभर गॅलरीत जा-ये करत झुरके मोजले. नळी जास्त वेळ ओढली तर आपोआप बंद होतो का? होतो. चार्जिंगला असताना तापतो का? कोमट, ठीक. उलटा ठेवला तर गळतो का? नाही. घसा खरवडतो का? सिगारेटपेक्षा कमी. धूर? वाफ येते आणि जाते. वास? जवळजवळ नाहीच. एक चार्ज मला दीड दिवस पुरला. कामाचं यंत्र होतं. मी हिरवा स्टिकर काढला, सही केली, तारीख टाकली आणि त्याच्या पाठीवर चिकटवला. मनापासून हसले स्वतःशी.

आणि मग मी करार मोडला. धूर नाही, वास नाही, मग गॅलरीत कशाला जायचं? नवरा हॉलमध्ये बातम्या बघत असताना मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून झुरके घेऊ लागले. त्याने एकदाच मान वळवून विचारलं, "काय गो ते?" मी म्हटलं, "तपासणी चाललीय." त्याने मान हलवली. सिगारेट मी त्या आठवड्यात दिवसाला आठावरून दोनावर आणली होती आणि मंडळातल्या त्या बाईला हे कधी सांगते असं मला झालं होतं.

हॉस्पिटलात मी तो नेत नसे. सकाळी उठल्या उठल्या फ्रिजशेजारी चार्जिंगला लावायची आणि साडेसहाला निघताना पूर्ण भरलेला काढून ओट्यावर ठेवून जायची. सोमवारी चारला परत येऊन आकडा बघितला तर शंभराचा ऐंशी झालेला. मंगळवारी अठ्ठ्याहत्तर. बुधवारी एकाहत्तर. न वापरता बॅटरी उतरते, हा दोष मी शेकडो पंपांत पकडलाय. आत कुठेतरी वीज झिरपते आणि यंत्र निजल्या निजल्या रिकामं होतं. मी तक्त्यात तांबड्या पेनने 'आपोआप डिस्चार्ज' असं लिहिलं. म्हटलं, बघ, पकडला चोर.

त्याच संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, व्हेपमध्ये खोट निघाली. तो आमटी भुरकत म्हणाला, "निघणारच. त्येला आंबा म्हणतात होय? हापूसच्या झाडाखालनं पण गेला नसंल तो." मी हसले. त्याला चव कशी कळली, हे विचारायचं मला सुचलं नाही. बावीस वर्षांचा अनुभव असलेली बाई मी.

गुरुवारी ड्यूटी संपल्यावर व्हेप आणि तक्ता घेऊन मी दुकानात धडकले. भांडायच्या पूर्ण तयारीने. पोराला मी बॅटरीच्या आकड्यांचा रकाना दाखवला, ऑफिसात इंजिनियरला समजावते तसं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग शेजारच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मीच, माझ्याच अक्षरात, रोज रसाचा आकडा लिहिला होता. लिहिला होता, वाचला नव्हता. तोही रोज सकाळपेक्षा संध्याकाळी कमी होता.

"मदाम," तो म्हणाला, "बॅटरी अपने आप उतर सकती है. लिक्विड अपने आप कौन पीता है?"

मी वेळा जुळवून बघितल्या. मी साडेसहाला निघते आणि नवऱ्याची कंपनीची बस साडेसातला येते. मधला एक तास घरात तो आणि ओट्यावर तो व्हेप. मी तक्ता घडी करून पर्समध्ये टाकला आणि थेट घर गाठलं.

घरी तो सोफ्यावर पाय पसरून बसला होता. मी व्हेप टीपॉयवर ठेवला, स्टिकर वर करून, आणि विचारलं, "अहो, किती दिवस?"

त्याने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "रविवारपासून," म्हणाला.

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"सिगारेट नको सांगितलेलं."

"ह्यात निकोटिन आहे हे तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत हाय. पण तुझा हिरवा कागद होता ना गो त्याच्यावर." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला वाटलं, तू तपासलंय म्हणजे काय तरी बघूनच तपासलं असशील. एक झुरका घेतला. मग दुसऱ्या दिशी हात आपोआप गेला. नऊ वर्षं गो. नऊ वर्षं मी त्या गॅलरीच्या काचेकडं बघितलं नाय."

मी ओरडले. त्याच्यावर, दुकानदारावर, डॉक्टरांवर, मंडळातल्या बाईवरसुद्धा, जिचा काहीएक संबंध नव्हता. ओरडताना मला स्वच्छ कळत होतं की सही माझी आहे. मी यंत्र तपासलं आणि ते कोणाच्या हाताला लागणार हे तपासलं नाही. हॉस्पिटलात हे मी कधी केलं नसतं. तिथे पहिला प्रश्न तोच असतो, पेशंट कोण?

मग मी खाली बसले आणि तक्ता पुरा केला. कोणाला आवडो न आवडो, खरं तेच लिहिलं. बॅटरी चांगली. गळती नाही. माझ्यासारख्या जुन्या ओढणारीच्या सिगारेटी याने कमी केल्या, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. पण सिगारेट संपते. राख पडते, बोटाला चटका बसतो, वास येतो, दार लावावं लागतं. याला संपणं माहीत नाही आणि दार लागत नाही. ज्याने सोडली आहे त्याच्या घरात हे ओट्यावर ठेवायचं यंत्र नव्हे. मी नखाने हिरवा स्टिकर खरवडून काढला. तो सहजी निघेना, आमचे स्टिकर चांगल्या प्रतीचे असतात. लाल लावला आणि हॉस्पिटलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या डब्यात टाकायला पर्समध्ये घातला.

नवरा सगळं बघत होता. म्हणाला, "आणि माझ्यावर कुठला लावतेस?"

मी रोलमधून पिवळा फाडला आणि त्याच्या बनियनवर, छातीच्या डाव्या बाजूला लावला. त्याने पेन मागितलं. मला वाटलं सही करतोय. त्याने रोलमधून दुसरा पिवळा काढला, त्यावर वाकडंतिकडं काहीतरी लिहिलं आणि माझ्या कुर्त्यावर थापला. मी वाचलं. पुढच्या तपासणीच्या जागी त्याने लिहिलं होतं, 'उद्या'.

"हे तुमच्या हृदयाचं चाललंय," मी म्हटलं. "माझ्या फुप्फुसांचा संबंध नाही."

"बरं," तो म्हणाला. "कांदे संपलेत. घेऊन ये."

मी तणतणत खाली कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, गेले. काउंटरवरचा बंगाली मला बावीस वर्षं ओळखतो, मी दारात दिसले की त्याचा हात आपोआप मागच्या फळीकडे, माझ्या पाकिटाकडे जातो. तसाच गेला. मग त्याची नजर माझ्या कुर्त्यावरच्या पिवळ्या स्टिकरवर अडली आणि हात हवेतच राहिला.

"आज सिर्फ प्याज," मी म्हटलं.

"और कल, मदाम?"

"कल का कल देखेंगे," मी म्हटलं, आणि स्टिकरचा एक कोपरा सुटत होता तो अंगठ्याने पुन्हा घट्ट दाबला.