फुकटचा फॉन्ट

शाळेतून निवृत्त झालो, घरी संगणक घेतला आणि वर्षभरात आसेगावातला संगणकाचा जाणकार होऊन बसलो. मला कोणी नेमलं नव्हतं. माझ्याइतका रिकामा वेळ गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हता, एवढंच. कोणाचा अर्ज भरून दे, कोणाची पत्रिका टाइप करून दे, असं चालायचं. बायकोचा मळा गावाला लागूनच आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा तिचा माल मंगरूळपीरच्या बाजारात जातो. व्यापारी पैसे खात्यावर टाकतात आणि ते आले की नाही, हे संगणकावर बघून तिला सांगणं हे माझं काम.

त्या वर्षी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. पत्रक मी करणार, हे ओघानंच आलं. माझ्याकडची मराठी अक्षरं सरकारी नोटिशीसारखी दिसत होती. मला लग्नपत्रिकेवर असतात तशी वेलांटीला झोका देणारी अक्षरं हवी होती. शोधता शोधता एक संकेतस्थळ सापडलं. शंभर मराठी फॉन्ट, सगळे फुकट. फक्त तिथं एक सूचना होती की, फॉन्ट बसवताना अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवा, नाहीतर अडचण येते.

वर्गात पस्तीस वर्षं मी मुलांना बजावत आलो की सूचना नीट वाचा आणि तशाच पाळा. मी ती पाळली.

फॉन्ट आला आणि उत्तम आला. तो आला नसता तर मला तेव्हाच संशय आला असता. पत्रक इतकं देखणं झालं की मंगरूळपीरच्या फ्लेक्स छापणाऱ्यानं ते हातात धरून विचारलं, "सर, हे अक्षरं कुठून आणले?" तो माझाच जुना विद्यार्थी. मी मोठ्या मनानं फॉन्टची सगळी फाइल त्याला पेनड्राइव्हवर दिली. सोबत ती पाच मिनिटांची सूचनाही समजावून सांगितली.

दोन दिवसांनी संगणक धापा टाकायला लागला. काही उघडायला जावं तर पंखा घरघर करायचा. मी म्हटलं, ऊन वाढलं. टेबलाची जागा बदलली, मागची धूळ पुसली. मोबाइलवर कसले कसले ओटीपीही आले होते. जाहिराती असतील म्हणून मी ते वाचलेही नाहीत.

मग एका सकाळी बायकोच्या वांग्यांचे पैसे बघायला बँकेचं पान उघडलं. पासवर्ड टाकला, तर एरवी कधी न दिसलेला एक चौकोन समोर आला. आपल्या सुरक्षेसाठी कार्डाचा क्रमांक, कार्डामागचे तीन आकडे आणि पिन भरा. वर बँकेचं चिन्ह, रंगही बँकेचेच. मी कार्ड घ्यायला उठलो. कार्ड बायकोच्या बटव्यात असतं आणि ती ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत होती.

"कार्ड दे बरं."

"कायले?"

"बँक विचारून राह्यली. पिन भरा लागते."

तिचे हात थांबले. "पिन? ब्यांकेतली बाई तं दरवेळी सांगते का पिन कोणालेच सांगू नका. मलेबी सांगू नका म्हणते. अन् आता तेच ब्यांक काहून इचारून राह्यली?"

"अवो, सुरक्षेसाठी हाय ते! तुले नाई समजत."

"मले नाई समजत तं कार्डबी नाई भेटत."

मला राग आला. तिला खोटं पाडायचंच म्हणून मी तिच्या मोबाइलवर बँकेचं तेच पान उघडलं. तोच पासवर्ड टाकला. आता इथंही तो चौकोन येईल आणि मी तो तिच्या नाकासमोर धरीन, असा माझा बेत होता. चौकोन आलाच नाही. पान सरळ उघडलं. मी पुन्हा संगणकाकडे गेलो, तर तिथं तो चौकोन पिनची वाट बघत होता. म्हणजे प्रश्न बँक विचारत नव्हती. माझा संगणकच विचारत होता.

मी ओसरीवर जाऊन बायकोला तसं सांगितलं. तिनं उठून भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली. कोणती वायर कशाची, हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं सगळ्याच उपटल्या. मी पासबुकावरच्या नंबरवर बँकेला फोन लावला. तिकडच्या बाईंनी आमचं नेटबँकिंग तिथल्या तिथं बंद केलं आणि विचारलं, "सर, तुम्हाला ओटीपी आले होते का?" मी मोबाइल काढला. ते ओटीपी आमच्या खात्याला कोणाचं तरी अनोळखी खातं जोडण्यासाठीचे होते. ते मी कोणाला सांगितले नाहीत, म्हणून पैसे वाचले. माझ्या आळसाचा घराला झालेला हा पहिला फायदा.

रविवारी वाशिमहून माझी साळी, म्हणजे मेव्हणी, आली. ती कॉलेजात संगणक शिकवते. चहा होऊ दिला आणि मग तिनं विचारलं, "भाऊजी, एवढ्यात काय काय उतरवलं यात?"

"काही नाही."

"काहीच नाई?"

"एक फॉन्ट."

"अँटिव्हायरस चालू होता?"

मी छताकडे बघितलं. गृहपाठ न केलेली पोरं अशीच बघत असत. दोघी बहिणी इतक्या हसल्या की शेजारीण कुंपणापाशी आली.

मग तिनं नीट समजावून सांगितलं. फॉन्टच्या आडून एक हेर आत शिरला होता. एरवी तो गप्प पडून राहतो. बँकेचं पान उघडलं की जागा होतो, आपण दाबलेली अक्षरं टिपून घेतो आणि बँकेच्या पानावर स्वतःचा चौकोन चिकटवतो. पासवर्ड त्याला आधीच मिळाला होता. आता कार्ड हवं होतं.

पहिलं काम म्हणजे सगळे पासवर्ड बदलणं, आणि तेही मोबाइलवरून. या संगणकावर बदलले तर नवीनही त्याच्याच हाती जातील, असं ती म्हणाली. मग सोबत आणलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून तिनं तपासणी लावली. हेर सापडला, पुसला गेला. मी टाळी वाजवली. संगणक बंद करून चालू केला, तर हेर परत हजर. आपल्याला पुन्हा उभं करणारा एक हस्तक त्यानं आत लपवून ठेवला होता.

"भाऊजी, घर पूर्ण रिकामं करा लागते," साळी म्हणाली. "फोटो अन् कागदपत्रं तेवढी तपासून बाजूला काढते. बाकी सगळं जाईन."

"फॉन्टबी?"

"फॉन्ट तं पहिले जाईन!"

दुपारपर्यंत संगणक कोरा झाला. तिनं सगळं नव्यानं बसवलं, अपडेट केलं, अँटिव्हायरस चालू केला. शेवटी म्हणाली, रोजच्या वापराचं खातं वेगळं ठेवू. नवीन काही बसवायचं तर वेगळा पासवर्ड लागेल. तो पासवर्ड तिनं बहिणीच्या कानात सांगितला. मी तिथंच उभा होतो.

सगळं निस्तरलं असं वाटलं आणि मला फ्लेक्सवाला आठवला.

फोनवर हे सांगायची हिंमत होईना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मंगरूळपीर गाठलं. दुकानात त्या झोकदार अक्षरांत एका वाढदिवसाचा बॅनर छापून निघत होता. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना.

"बाप्पा! सर, तुमीच तं देल्ला होता ना थो फॉन्ट?"

"मीच देल्ला. अन् मीच सांगून राह्यलो का काढून टाक."

मी साळीला फोन लावून दिला. तिनं सांगितलं तशी त्यानं वायर काढली, तपासणी लावली. त्याच्याही संगणकात तोच पाहुणा निघाला. नशीब की बँकेचं काम तो दुकानातल्या संगणकावर करतच नव्हता. बँकेची त्याची सगळी कामं घरी त्याची बायको बघते. ते ऐकून मी मोठा श्वास सोडला.

संगणक कोरा करायला तीन-चार तास लागणार होते. त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "सर, होईपर्यंत बसा." हे आदरानं होतं की शिक्षा म्हणून, ते मी विचारलं नाही. तहसीलजवळचं दुकान, येणारा-जाणारा प्रत्येक जण ओळखीचा. जो तो विचारायचा, "सर, आज इकडं कुठं?" मी तोंड उघडायच्या आत फ्लेक्सवाला सगळी हकीगत पहिल्यापासून सांगायचा. चौथ्या वेळी सांगताना तो "अँटिव्हायरस बंद ठेवा" हे वाक्य विसरला. ते मीच त्याला सांगितलं.