जोतिबाच्या गुरवाचा पाय

“पट्टीत शेवाळ कुठून आले?” मी विचारले.

रामू गुरवांचा पाय माझ्या मांडीवर होता आणि नजर छताकडे.

“नदीत असतंय की शेवाळ,” ते म्हणाले.

या पायाविषयी कोल्हापुरात तीन कथा सांगितल्या जातात. आमच्या ख्रिस्ती मंडळीत सांगतात, की गुरव प्रभूकडे वळण्याच्या बेतात होते. जोतिबाच्या डोंगरावर सांगतात, की पाय देवाच्या गुलालाने बरा झाला. पेठेतले लोक सांगतात, की मिशनच्या ड्रेसरने एका गुरवाला फसवून बाटवले. तो ड्रेसर मी. तिन्ही कथा खोट्या आहेत, आणि त्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या वेळी दवाखान्यात हजर नव्हता.

ड्रेसर म्हणजे जखमा धुऊन पट्टी बांधणारा. महाराजांच्या अमलात मिशनच्या डिस्पेन्सरीत मी हे काम केले. डॉक्टरसाहेब कापत आणि टाके घालत. तेथून पुढे जखम भरेपर्यंत ती माझी असे.

रामू गुरव जोतिबाचे पुजारी. डोंगरावर अनवाणी चालताना खडा रुतून त्यांचा तळपाय पिकला होता. उपचारासाठी ते शहरात बहिणीकडे उतरले होते. चैत्राच्या यात्रेत पूजेची पाळी त्यांची होती. जखम मात्र दर खेपेस आधीपेक्षा वाईट दिसे. सडका भाग वर सरकला तर पाऊल कापावे लागेल, असे डॉक्टरसाहेबांनी बजावले होते. आणि पाऊल गेलेल्या माणसाला गाभाऱ्यात पूजेला उभे राहू देत नसत. म्हणजे पायाबरोबर देवही जाणार.

“नदीवर कशाला गेला होता?”

“आंगूळ करायला.”

“जखम ओली करू नका, म्हणून मी दर वेळी ओरडून सांगतो!”

“वरडतासा खरं,” गुरव शांतपणे म्हणाले, “पर तुमी शिवतासा बी. शिवलं की आमाला आंगूळ करायला लागती. हितनं थेट पंचगंगंवर जातो, बुडी मारतो, मगच बहिणीच्या घरात शिरतो.”

आता प्रकार ध्यानात घ्या. मी पट्टी बांधायची. माझ्या स्पर्शाचा विटाळ फेडण्यासाठी त्यांनी ती नदीत बुडवायची. त्यामुळे जखम चिघळली, की पुन्हा माझ्याकडे यायचे. मी जितक्या निष्ठेने तो पाय धूत होतो, तितक्याच निष्ठेने त्याला करवतीकडे नेत होतो.

हे ऐकून मी प्रेमळपणे हसलो, असे मंडळीत सांगतात. साफ खोटे. मला संताप आला.

“माझा एवढा विटाळ होतो, तर माझ्याकडे येता कशाला?”

“बरं बांधतासा म्हणून. आनि दुसरा कोन आमचा पाय मांडीवर घेतोय वो?”

मी पट्टी पुरी केली. राग आलेल्या हाताने गाठ चांगली बसते. शेजाऱ्यावर प्रीती करा, अशी आम्हाला आज्ञा आहे. शेजाऱ्याने ती कोरड्या अंगाने स्वीकारावी, अशी अट तीत नाही. तेव्हा उपाय शोधणे माझ्याकडे आले.

मी तडक डॉक्टरसाहेबांकडे गेलो. ऑइल सिल्क नावाचे एक कापड तेव्हा विलायतेहून येई. तेल पाजलेले रेशीम. त्यातून पाणी आत शिरत नाही. मोठ्या ऑपरेशनसाठी साहेब ते कुलपात ठेवत.

“गुरवांच्या पायासाठी तुकडा हवा,” मी म्हणालो.

“आंघोळीसाठी ऑइल सिल्क? त्यांना आंघोळ सोडायला सांगा.”

“आपण रविवारची उपासना सोडाल?”

साहेबांनी चष्मा पुसला. “ठीक आहे. पण बरे झाल्यावर त्यांनी एक रविवार आपल्या उपासनेला येऊन बसावे. एवढी अपेक्षा गैर नाही.”

“गैर आहे, साहेब. मग ही दया राहत नाही, सौद्याचा विसार होतो. पाय आम्ही देतो, माणूस तुम्ही द्या!”

मी आवाज चढवला, असे लोक सांगतात. ते खरे आहे. नंतर मी क्षमा मागितली, असेही सांगतात. ते खोटे आहे. साहेबांनी कुलूप काढले, आणि मी मागितले होते त्याहून वीतभर जास्त कापड स्वतः कापून दिले.

गुरवांशी बोलणे याहून अवघड गेले.

“रेशीम हाय न्हवं?” त्यांनी कापड चाचपून पाहिले. “मग सोवळंच की. चालतंय.”

“पण बुडी मारायची नाही. पायरीवर बसून तांब्याने पाणी घ्यायचे.”

“एक बुडी?”

“अर्धीही नाही.”

“लई कडक हाय वो तुमचा देव.”

“देव मऊ आहे. ड्रेसर कडक आहे.”

पेठेतल्यांनी कान देऊन ऐकावे: कोण शिवतो आणि कशाने गुंडाळतो, हे सारे गुरवांना ठाऊक होते. त्यात फसवणूक कोठे आली? आणि डोंगरावरच्यांनीही ऐकावे: माझ्या पट्टीखाली गुलालाचा कणसुद्धा मी शिरू दिला नाही.

हळूहळू जखम कोरडी पडली, तांबडे मांस भरून आले. चैत्रात गुरव आपल्या पायांनी डोंगर चढले आणि पूजेला उभे राहिले.

यात्रा उरकल्यावर ते नारळ घेऊन दवाखान्यात आले. मूर्तीपुढे ठेवलेले आम्ही खात नाही. मी हात मागे घेतला.

“घ्या वो,” ते म्हणाले. “देवाला दावलेला न्हाय. तुमाला चालत न्हाय म्हनं, म्हणून डोंगरावरनं आणलाच न्हाय. हितल्या बाजारातला हाय.”

तो नारळ त्यांनी जमिनीवर ठेवला नाही. माझ्या हातात दिला. मग माझा स्पर्श झाला म्हणून नदीकडे निघाले. बुडी मारायला माझी हरकत नव्हती.

ते शेवटपर्यंत गुरवच राहिले आणि मी ख्रिस्तीच. ज्यांना यात काही उणे वाटते, त्यांनी आपापल्या कथा खुशाल सांगाव्यात. नव्या ड्रेसरांना मी मात्र एवढेच सांगतो: जखम कोरडी ठेवा म्हणून रोग्यावर ओरडण्यापूर्वी तो ती ओली का करतो, हे विचारावे. पुष्कळ पट्ट्या वाचतात.