मशीनची पोरं

परवा पेपरात पिढ्यांची नावं वाचली. या सालापासून त्या सालापर्यंतचे अमुक, पुढचे तमुक, सगळी इंग्रजी अक्षरं. मला हसू आलं. आमच्या गावाला त्यासाठी इतकं लांब जावं लागलं नाही. माझ्या चुलत्यांचं नाव उखर्डू. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून जन्मल्याबरोबर त्यांना उकिरड्यावर ठेवलं आणि परत उचलून आणलं. टाकून दिलेलं पोर म्हटल्यावर काळ कशाला हात लावेल? त्या वयाच्या माणसांत गल्लोगल्ली एखादा उखर्डू नाही तर भिकुबाई असायचीच. मग आम्ही, एक जूनवाले. शाळेत नाव घालताना आमच्या आईबापांना तारीख सांगता यायची नाही आणि गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. पुढे मीही गुरुजी झालो, आणि आम्ही सगळे एकाच दिवशी निवृत्त झालो तेव्हा तालुक्यात हार मिळेनात.

आमच्या पोटी नव्वदच्या आसपास जी पोरं जन्मली, त्यांना गाव मशीनची पोरं म्हणतं. हे नाव मात्र कोणी कोणाच्या तोंडावर घेत नाही.

शेवंताबाई माझी वहिनी. उखर्डूकाकांचा मुलगा रुपचंद, त्याची बायको. आमचं गाव असोद्याच्या पुढे. तिथे ती लग्न होऊन आली तेव्हा बोलायची अशी की तीन घरं पलीकडे ऐकू जावं. गावात लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिला. पन्नास माणसांच्या बट्ट्यांचं पीठ ती नजरेने मोजायची, हळदीला गाणं तिनेच उचलायचं, आणि नवरदेवाची अशी काही फिरकी घ्यायची की तो बिचारा पाटावरून उठू पाहायचा. मला तर ती ‘एक जून’ अशीच हाक मारायची. मी फार चिडलो म्हणजे भाऊ.

तिला पहिली मुलगी झाली, सारिका. तेव्हा कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या खेपेला सगळे बोलू लागले. त्याच सुमाराला एका डॉक्टरकडे मशीन आलं होतं, पोटातलं दिसतं म्हणे. तो डॉक्टर कुठला ते मी सांगणार नाही. पण एवढं सांगतो की घरात शिकलेला मी एकटा होतो आणि त्याची पाटी मीच आधी वाचली होती. रुपचंद मला म्हणाला, तू चल, तुला डॉक्टरशी बोलता येईल. मी गेलो. डॉक्टरशी बोललो. बाहेरच्या बाकावर वहिनीच्या चपलांपाशी बसून राहिलो. पुढच्या वर्षी परत गेलो. दोन्ही वेळा मुलगीच होती. तिसऱ्या वेळी हितेंद्र झाला आणि पेढे वाटायलाही मीच होतो.

दोषी कोण ते शोधत बसण्यात अर्थ नाही, असं लोक म्हणतात. अर्थ आहे. रुपचंद दोषी, त्याची आई म्हणजे काकू दोषी, तो डॉक्टर दोषी, आणि पाटी वाचणारा मी. वहिनीला त्या दिवसांत कोणी विचारलंसुद्धा नाही, हे मला माहीत आहे, कारण न विचारणाऱ्यांत मी होतो.

पाच-सहा वर्षांनी माझ्या पहिलीच्या वर्गाच्या हजेरीपटावर बेचाळीस नावं आली, त्यात मुली तेरा. एका बाकावर तीन मुलं कोंबावी लागत आणि मुलींकडचा बाक रिकामा राही. मी हेडमास्तरांना म्हणालो, बरं झालं, बाकावर केसांचं तेल कमी सांडेल. ते हसले. मीही हसलो.

आता ती पोरं तेहतीस-चौतीसची झाली आहेत. हितेंद्र त्यांतलाच. सहा एकर केळी, ठिबक, स्वतःची गाडी, तोंडात गुटखा नाही. दहा वर्षं त्याच्यासाठी मुलगी बघणं चालू होतं. समाजाच्या वधू-वर पुस्तकात मुलांची पानं संपता संपत नाहीत आणि मुलींची चार-आठ. त्याही पुण्याचा नोकरीवाला मागतात, आणि का मागू नयेत? हितेंद्रचा फोटो सात वर्षं त्या पुस्तकात येत राहिला. पहिल्या फोटोत त्याला दाट केस होते. रुपचंद सून न बघताच गेला. वहिनी लग्नांना जाईनाशी झाली. गेलीच तर मागे बसायची आणि गाणं दुसरीने उचलायचं.

गेल्या माघात रावेर तालुक्यातलं एक स्थळ आलं. मुलगी डिंपल, एकोणतीसची, बी.कॉम. झालेली, पतसंस्थेत कामाला. तिने हितेंद्रला आधी फोनवर पाहिलं होतं आणि दोघं महिनाभर बोललेही होते. हितेंद्र गुणगुणायला लागला होता. वहिनीने मला बोलावून सांगितलं, ‘‘एक जून, धुतलेला सदरा घाला. यंदा माह्या पोराचं व्हते.’’ कितीतरी वर्षांनी तिने मला त्या नावाने हाक मारली होती.

आम्ही तिघं गेलो. डिंपलचे वडील रतिलालभाऊ अबोल माणूस. बोलायचं काम आई कुंदाबाईचं. चहा झाला, पोहे झाले. डिंपलने हितेंद्रकडे एकदा बघितलं आणि दोघंही खाली बघून हसले. माझ्या मनात तारखा सुरू झाल्या.

मग कुंदाबाईंनी पदर सारखा केला.

‘‘पोरगं आम्हाले पसंत हाये. पन आमचा तेजसबी चौतीसचा झाला, बिनलग्नाचा. आम्ही ठरवलं हाये, साटंलोटं करू. तुम्ही आमची पोरगी घ्या, तुमची पोरगी आमच्या तेजसले द्या.’’

साटंलोटं आमच्याकडे नवीन नाही. आमच्या लहानपणी ते मागे पडत चाललं होतं, हसायचे लोक त्याला. आता परत आलं आहे.

‘‘माह्या सारिकाचं लगन होऊन पंधरा वर्षं झाली,’’ वहिनी म्हणाली.

‘‘जवळच्या नात्यातली असली तरी चालीन. चुलत, मावस, कोनाची बी.’’

मी मनातल्या मनात घरोघर फिरून आलो. माझे दोन मुलगे. दुसऱ्या चुलत भावाचा एक. वहिनीच्या भावाला दोन मुलगे. सगळ्या घरांत मिळून एक मुलगी नव्हती, आणि तशी का नव्हती हे मला घर अन् घर सांगता आलं असतं.

कुंदाबाई वाईट बाई नव्हती. तिने साधं विचारलं, ‘‘तुम्हाले एकच पोरगी झाली का वो, अक्का?’’

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हो म्हणेल आणि विषय संपेल.

‘‘नही,’’ ती म्हणाली. ‘‘आखीन दोन व्हत्या. म्या पाडल्या.’’

कुंदाबाईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही, आणि मला त्यांचंही घर कळलं. कोपऱ्यात बसलेला तेजस उठून बाहेर गेला. डिंपल दारात उभी होती. तिने हितेंद्रकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘माझ्यासाठी कोणाची मुलगी मागू नका, आई,’’ पण तिच्या आईने ते ऐकलं नाही, नाहीतर ऐकून सोडून दिलं. रतिलालभाऊंनी आम्हाला फाटकापर्यंत सोडलं. नमस्कार केला. जमलं नाही हे कोणाला सांगावं लागलं नाही.

गाडी हितेंद्र चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मी मागे. केळीने भरलेल्या ट्रकांची रांग लागली होती आणि आम्ही एकामागे अडकलो होतो. मग त्याने गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मला वाटलं आता ओरडेल. त्याने ओरडायला हवं होतं.

‘‘आई, मोठी आज केवढी असती?’’

‘‘छत्तीस.’’ वहिनीला हिशोब करावा लागला नाही.

‘‘अन् लहानी?’’

‘‘पस्तीस.’’

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्या दोघी राहिल्या असत्या तर तो कदाचित आलाच नसता, हे त्याच्या लक्षात आलं नसेल, किंवा आलं असेल आणि त्याला ते मोजायचं नसेल.

‘‘म्हंजे दोघी माह्याहून मोठ्या,’’ तो म्हणाला. ‘‘सारिका अक्कानं मले कडेवर घेऊन गावभर फिरवलं, तू सांगतं ना? त्यायनंबी फिरवलं असतं, आई.’’

वहिनीने तोंडावर पदर धरला आणि ती रडली, मोठ्याने, तीन घरं पलीकडे ऐकू जाईल अशी. मी मागे बसून होतो. मलाही त्याने विचारावं, काका, तुम्हीबी संगं व्हते ना, असं मला वाटत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. त्याने विचारलं नाही. आरशात एकदा माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला कळलं की त्याला सगळं माहीत आहे, आणि त्याने गाडी सुरू केली.