टमरेलातला घोट

टमरेल खाली पडलं, खणकन. मी डोळं उघडलं.

आमच्या महाडच्या ख्रिस्ती देवळातली रीत अशी, की प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांनी डोळं मिटून प्रार्थनेत बसायचं. मंडळीचे वडील येतात, भांडं ओठाला लावतात. प्रभूचं रक्त म्हणून द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, आमेन. डोळं उघडायचं नाय. त्या दिवशी मांडीवरच्या माझ्या पोरीनं हात मारला नि मी बघितलं. दूध पावडरच्या डब्याचं टमरेल. कड गंजलेली. वडिलांच्या दुसऱ्या हातात चांदीचा प्याला. तो पुढच्या बाकांचा. तिथं बसणाऱ्यांचे आजे जमीनदार असताना ख्रिस्ती झाले, आमचे आजे महारवाड्यातनं आले. देव एक, भांडी दोन.

अठराव्या वर्षी पहिला घोट घेतला तेव्हा जिभेवर लोखंडाची चव आली. मला वाटलं, हीच प्रभूच्या रक्ताची चव. सात वर्षं! त्या चवीवर मी प्रार्थना केली. लग्न झालं तेव्हा, नवरा मुंबईला गिरणीत गेला तेव्हा, पहिलं पोर गेलं तेव्हा. देव इतका जवळ वाटायचा, की त्याचा श्वास कानाला लागायचा.

तो गंज व्हता.

घरी जाताना आयेला विचारलं, तुला ठावं व्हतं? ती चालतच राहिली. वळणावर म्हणाली, "डोळं मीट गो. मिटलं की एकच प्याला असतो."

माझा बाप भाऊबंदांबरोबर चवदार तळ्यावर पाणी प्यायला गेला व्हता, डोकं फोडून घेऊन आला. ही त्याची बायको.

पुढच्या भोजनाला मी डोळं उघडंच ठेवलं. टमरेल आलं. मी तोंड फिरवलं, चांदीच्या प्याल्याकडं बोट केलं. मंडळीचे वडील हळूच, अगदी मायेनं म्हणाले, "बाई, रक्त एकच आहे. भांड्याचं काय एवढं?"

"मग तुम्ही घ्या यातनं."

नाय घेतलं. देऊळभर डोळं मिटलेलंच. बघितलं कुणी नाय, ऐकलं सगळ्यांनी.

माझं नाव भोजनातनं काढलं. आय अजून जाते, टमरेलातनं पिते, माझ्यासाठी क्षमा मागते. मी चुलीपुढं बसून देवाशी बोलते. तो पयल्यासारखा जवळ येत नाय, खोटं कशाला सांगू. पण डोळं मिटत नाय मी. पोरीलाही मिटू देत नाय.

ती अठराची झाली की तिला घेऊन पुढच्या बाकावर बसणार हाय. उठवून दाखवा.