पाल्याशिवायचा अर्क

प्रयोगशाळेत तिला सगळे घोरपड म्हणत. एकदा एखाद्या गोष्टीला चिकटली की सुटायची नाही, म्हणून. तिला हे ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

सध्या ती चिकटली होती एका रानवेलीला. दगडाच्या खाणीमागे ही वेल नुसती माजलेली असे. लोक तिचा पाला वाटून जखमेवर लावत. त्यात जंतू मारणारं नेमकं काय आहे, हे शोधण्यात तिनं ऐन उमेदीची वर्षं घातली होती. पाला वाळवायचा, दळायचा, द्रावकात मुरवायचा, अर्काचे भाग वेगळे करायचे आणि एकेक भाग जंतूंवर टाकून बघायचा. शेवटी एक भाग असा निघाला, की त्याच्या थेंबाभोवती बशीतले जंतू साफ झाले. यंत्राच्या आलेखावर त्याचं शिखर ताठ उभं राहिलं आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना आभाळ ठेंगणं झालं. शोधनिबंधावर सरांच्या शेजारी तिचं नाव आलं. तो छापून आला की तिची नोकरी कायम होणार, हेही ठरलं.

अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प बसावं. हिनं पाला न घालताच अर्क केला. तेच द्रावक, तीच भांडी, पाला तेवढा नाही. ही पडताळणी खरं तर आधीच व्हायला हवी होती, यशाच्या घाईत राहून गेली होती. आणि आलेखावर तेच शिखर, तसंच ताठ. ते वेलीचं नव्हतंच. अर्क वाहून नेणारी काचेची नळी मध्यंतरी फुटल्यावर तिच्या जागी प्लॅस्टिकची मऊ नळी बसवली होती. प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन द्रावकात उतरत होतं, आणि जंतूही तेच मारत होतं. इतके दिवस सगळे मिळून नळीचे गोडवे गात होते.

तिच्या पायाखालची जमीन सरकली. मग राग आला, आणि राग आल्यावर तिला बरं वाटलं.

घरी नवऱ्यानं समजावलं, की कायम होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव. सरांनी दार लोटून घेतलं आणि तेच जरा गोड शब्दांत सांगितलं. असं सगळीकडे होतं, कोण बघायला येतंय?

"उद्या कुणीतरी याचं मलम करेल, सर," ती म्हणाली. "निबंध पाठवलात, तर छापणाऱ्यांना मी स्वतः कळवेन."

"आणि नोकरीचं काय?"

"नळीच्या जिवावर मला कायम व्हायचं नाही."

निबंध गेला नाही. नोकरीही कायम झाली नाही. नोकरीची मुदत संपेपर्यंत सर तिच्याशी कामापुरतं बोलत राहिले. तिनं पदरमोड करून काचेची नळी आणली, खाणीमागून नवा पाला खुडून आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अगदी शेवटी शेवटी आलेखावर एक बारकंसं टेकाड उठलं. पाला घातला नाही, तर ते उठत नव्हतं. बशीतले जंतू जेमतेम नखभर मागे हटले होते.

सरांनी तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली. "पण वेलीचं आहे."