दहाच्या दहा सोंगट्या

“तुझ्या लोकांना खेळ कळलेला नाही.”

मॅडम विहाराच्या ओट्यावर उभ्या राहून हे म्हणाल्या. दार उघडं होतं. आत पाच बाया अजून सतरंजीवर बसलेल्या होत्या. मॅडमनी आवाजसुद्धा हळू केला नाही.

तुझ्या लोकांना. मी त्या गावची नव्हते. दर्यापूरहून जीपने जावं लागतं असं ते गाव, आणि त्या बायांना मी त्याच सकाळी पहिल्यांदा पाहत होते. पण मॅडमनी मला कामावर घेतलं तेच माझं आडनाव वाचून. पहिल्याच दिवशी हसत म्हणाल्या होत्या, “बौद्धपुऱ्यात तू सोबत असलीस की दारं उघडतील.” मला ती शाबासकी वाटली होती.

मी घरातली पहिली पदवीधर. वडील परतवाड्याला लाकडाच्या वखारीत कामाला. अमरावतीला बी.एस्सी. केलं, मग अकोल्याला अर्थशास्त्रात एम.ए. मॅडम पुण्याच्या एका मोठ्या संस्थेतल्या. रस्ता, पाणी, दिवे, जे सगळ्यांचं असतं, त्यासाठी माणूस स्वतःहून किती देतो, हा त्यांचा अभ्यास. उन्हाळ्यातलं काम नीट झालं की त्यांच्या हाताखाली पीएच.डी.ची जागा मिळणार होती. त्यांनी आईला फोनवर तसं सांगितलं होतं. आईने गल्लीत पेढे वाटले होते.

खेळ असा होता. पाच जणी. प्रत्येकीला कॅरमच्या दहा सोंगट्या. पडद्यामागे जायचं, हव्या तितक्या सोंगट्या डब्यात टाकायच्या, बाकीच्या स्वतःकडे ठेवायच्या. डब्यात जमेल त्याचं दुप्पट करून पाचही जणींना सारखं वाटायचं, जिने टाकलं तिलाही आणि जिने नाही टाकलं तिलाही. शेवटी सोंगट्यांचे रोख पैसे. डाव पुन्हा पुन्हा. पुस्तक सांगतं की डावागणिक डबा रिकामा होत जातो, कारण न टाकणाऱ्याचा फायदा हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येतो.

डबा रिकामा झाला नाही. पहिल्या डावात सगळ्या. दुसऱ्यात सगळ्या. शेवटपर्यंत दहाच्या दहा.

शांतामावशी त्यांच्यात सगळ्यात मोठ्या. खेळाआधीच त्यांनी मला विचारलं होतं, “अन् एखादीनं नाई टाकलं तं?”

“तिला जास्त मिळेल, मावशी.”

“म्हंजे आमचंबी खाईन अन् सोताचंबी ठेवीन.”

“हो.”

“मंग ते आमची सुमनच असन,” त्या म्हणाल्या. बाया खदखदून हसल्या. सुमनताई म्हणाल्या, “माह्यं नाव काहून घेता वो? मी तं सगळ्यात आधी टाकीन.”

खेळ संपल्यावर मी विचारलं, सगळ्या का टाकल्या? शांतामावशींनी वर बोट दाखवलं. “हे पत्रे कसे आले या विहारावर? असेच तं आले, सगळ्याईनं टाकून. दुप्पट होऊन राहिलं, तं घरी ठेवून काय करू?”

मी हे सगळं मॅडमना प्रमाण मराठीत सांगितलं. बायांना न कळलेलं असं खेळात काहीच नव्हतं. त्यावर त्या म्हणाल्या, तुझ्या लोकांना खेळ कळलेला नाही.

दुपारी आम्ही त्याच गावात मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या घरी गेलो. पाच गृहस्थ. चहा, पंखा, खुर्च्या. पहिल्या डावात डबा अर्धा भरला. मग कमी. मग आणखी कमी. शेवटी तळाला दोन-चार सोंगट्या. मॅडमचा चेहरा खुलला. परत गाडीत बसताना म्हणाल्या, “बघ. इथे कळला.”

गाडी अमरावतीच्या रस्त्याला लागली. मॅडमनी टॅब माझ्या मांडीवर ठेवला. “सकाळच्या गटापुढे वगळण्याचं कारण भर. समजले नाही.”

“त्यांना समजलं होतं, मॅडम.”

“मग तू शिकवलंस. तुझीच माणसं ना ती. तसं असेल तर तो दुसरा पर्याय निवड. कुठला तरी एक निवड आणि मोकळी हो.”

दोन रकाने. त्या अडाणी, किंवा मी लबाड. कुठलाही भरला तरी पाच बाया बाद.

मला माझे भौतिकशास्त्राचे सर आठवले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी काळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन पाट्या एकावर एक बसवल्या होत्या. दूर कुठे तारा फुटतो, त्याचे कण आपल्या हवेवर आदळतात, त्यातून निघालेले म्युऑन नावाचे सूक्ष्म कण छतातून, आपल्या अंगातून आरपार जातात. पाट्यांतून गेले की संगणकाच्या पडद्यावर आलेखाचं टोक उमटायचं. एकदा फार उंच टोक आलं. माझ्या वर्गमित्राने ते कचरा म्हणून पुसून टाकलं. सर ओरडले नाहीत. “काहून पुसलं? तुह्या मनात होतं तसं नाई आलं म्हणून?” एवढंच. तो आठवडाभर मान खाली घालून फिरला.

पेढे डोळ्यांपुढे होते.

दोन्ही रकाने मी कोरे ठेवले. खाली ‘इतर’ होतं. तिथे शांतामावशींचं पत्र्यांचं ते वाक्य लिहिलं, जसं त्या बोलल्या तसं.

मॅडमनी वाचलं. “तुला ही संधी कोणी दिली, विसरलीस?”

“नाही विसरले. म्हणूनच नीट काम केलं.”

वलगावला त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. “उद्यापासून येऊ नकोस.”

मी उतरले आणि परतवाड्याची बस धरली.

आई म्हणाली, “माफी मागून घे न माय. एका वाक्यानं काय होते?” जागा दुसऱ्या कोणाला तरी गेली. पुढे मॅडमचा शोधनिबंध आला. त्यात एक ओळ होती: नियम न समजल्याने काही गट वगळले आहेत. माझी नोंद दुसऱ्या कोणीतरी पुसली होती.

आभार मानत मोठी झाले मी. शिष्यवृत्तीचे, सरांचे, प्रत्येक उघडलेल्या दाराचे. ते आजही मानते. पण आभार म्हणजे गप्प बसण्याचा करार नव्हे, हे मला त्या गाडीत कळलं.

आता मी अमरावतीलाच पीएच.डी.ला नाव घातलं आहे. त्याच गावात जाणार आहे, त्याच विहारात आणि त्याच मोठ्या घरी. मुख्य रस्त्यावरच्या गृहस्थांना विचारणार आहे: तुमचा डबा रिकामा का होत गेला? हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नाही.

शांतामावशींचं वाक्य प्रबंधाच्या पहिल्या पानावर येईल. वऱ्हाडीत, तसंच. कोणी म्हणालं की हे चालणार नाही, तर प्रबंध घरी परत आणीन. वाक्य पुसणार नाही.