भगुन्यात उकळलेला वॉल्व

मला माझ्याच नवऱ्याचा हेवा वाटला, आणि तोही एका पान्यावरून. हसायचं तर खुशाल हसा.

कळंबहून येताना आमची जुनी गाडी तापली. तिचा थर्मोस्टॅट अडकला होता. इंजिनातलं पाणी गरम झालं की उघडून ते रेडिएटरकडे सोडणारा हा छोटा वॉल्व. नवऱ्याने दिग्रसला माझ्या बाबांना फोन लावला. बाबांनी तिथं आयुष्यभर गॅरेज चालवलं. आता हात कापतात म्हणून बंद केलंय. "गाडी कुठंच नेऊ नका. घरीच बदलू, मी येतो," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं हत्यारांची पेटी घेऊन यवतमाळला हजर! मला डेंग्यू झाला होता तेव्हा यायला त्यांना आठ दिवस लागले होते.

आमच्याकडच्या उन्हाला घाबरून बरेच मेकॅनिक हा वॉल्व काढून फेकतात आणि गाडी तशीच पळवतात. बाबांनी असं कधी केलं नाही. नवा वॉल्व ते आधी भगुन्यातल्या पाण्यात उकळून पाहायचे. डोळ्यांदेखत उघडला तरच बसवायचे. लोक चेष्टा करायचे, पण गाडी त्यांच्याकडेच आणायचे. शाळा सुटली की मी गॅरेजच्या पायरीवर बसून हे सगळं पाहत राहायचे. पाना मागितला की उत्तर ठरलेलं, "हात कायले खराब करतं बाई? अभ्यास कर." अभ्यासानं नोकरी मिळाली. पाना काही मिळाला नाही.

आणि आता अंगणात तोच पाना ते माझ्या नवऱ्याच्या हातात देत होते. माणूस चांगला आहे, पण घरातला बल्ब मी बदलते.

"जावई, डावीकडं फिरवा. जोर नका लावू. वा! हात चांगला बसला तुमचा."

हात चांगला बसला! अर्धा तास तो एका बोल्टशी झटत होता. मी जवळ गेले तर बाबा म्हणाले, "बाई, चाय मांड. अन् एका भगुन्यात पाणी ठेव." मी चहा मांडला. दुसऱ्या शेगडीवर नवा वॉल्व दोऱ्याला बांधून पाण्यात सोडला. पाणी उकळायला लागलं तसा तो हळूच उघडला. बाबा चष्मा पुसत वाकून पाहत होते आणि खुशीत त्यांनी पाठ थोपटली, ती जावयाची. माझा नुसता जळफळाट झाला.

वॉल्व बसवताना मी कप घेऊन शेजारीच उभी होते. त्याची स्प्रिंग इंजिनाकडे हवी. नवऱ्यानं ती बाहेरच्या बाजूला ठेवली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना जवळचं नीट दिसत नाही. मला दिसलं. तोंड उघडलं असतं तर दोन सेकंदांचं काम होतं. पण मनात आलं, होऊ दे फजिती जावईबापूंची, कळू दे बाबांना. मी गप्प राहिले.

झाकण आवळलं, कूलंट भरलं, गाडी सुरू केली. थोड्या वेळानं काटा चढायला लागला आणि लाल रेघेपर्यंत गेला.

"बंद करा!" बाबा ओरडले. वरच्या पाइपला त्यांनी हात लावला. तो गारच होता. "वॉल्व खुलून नाही राह्यला. भगुन्यात तं खुलला होता."

"मामाजी, माझंच काही चुकलं असेल," नवरा म्हणाला.

"तुमी कायले चुकसान? सांगणारा मी होतो." बाबा पायरीवर बसले. कापणारे हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. "आता मले काही समजत नाही. उद्या मेकॅनिककडं घेऊन जा. फेकला त्यानं वॉल्व तं फेकू द्या."

फजिती झाली होती, पण ज्याची व्हायला हवी होती त्याची नाही.

"बाबा, उलटा बसलाय," मी म्हणाले. "स्प्रिंग बाहेर आहे."

त्यांनी वर पाहिलं. "तुले कधी दिसलं?"

"बसवतानाच."

काहून सांगितलं नाही, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. इंजिन थंड होईपर्यंत ते पायरीवरच बसून राहिले. मग पेटीजवळ पडलेला पाना उचलून त्यांनी माझ्यासमोर धरला.

मी बोल्ट काढले, वॉल्व सुलटा केला, बोल्ट पुन्हा आवळले. हात आपोआप चालत होते. या वेळी काटा मध्यावर येऊन थांबला. नवऱ्यानं टाळी वाजवली.

मी वळून पाहिलं. बाबा आमच्याकडं पाठ करून अंगणातल्या नळाखाली हात धूत होते. माझं काम त्यांनी पाहिलंच नव्हतं.